विटलेली हिरवी साडी

मंगळवार, १२ नोव्हेंबर

साडी गेली! शेवटच्या प्रसंगातली हिरवी. शुक्रवारी वेल्ह्याला तोच प्रसंग पुन्हा शूट करायचाय, म्हणून आणायला उत्रोलीला फुलाबाईंकडे गेले. साडी मूळची त्यांचीच. नवी द्यायची, अंगावर झिजलेली घ्यायची — चार सिनेमांचे कपडे मी असेच जमवलेत. काम आटोपल्यावर ही त्यांच्याकडेच ठेवली होती. पुन्हा लागेल असं मात्र बोलले नाही. माझीच चूक.

"गोधडीत घातली की ताई," म्हणाल्या. "इरलेली साडी कुणी तशीच ठिवतं व्हय?"

गोधडी दाखवलीही. साडी फाडून आत, वरून बारीक टाके.

नवऱ्याला फोन केला. "तू काढशील गं मार्ग." एवढंच! पेपरवाले लिहितात — दिग्दर्शक सोमनाथ यांची बारीक नजर! नजर त्याची, आणि उन्हातान्हात गावोगाव हिंडतं कोण? पडद्यावर मी शेवटी कुठेतरी — 'विशेष आभार, सौ. शेफाली'. आज म्हणालेच, यावेळी वेशभूषेला माझं नाव हवं.

"घरच्या माणसाला कसलं नाव? आत्ता हा विषय नको." फोन ठेवला!

बुधवार, १३

भोरच्या बाजारात तशाच काठाची हिरवी साडी मिळाली. नवी साडी सोड्यात उकळली, दगडावर घासली, उन्हात टाकली. रंग उतरला, पण खोटी दिसते. जुनी नाही, आजारी वाटते. दोनच दिवस उरलेत.

फुलाबाई बघत होत्या. हसल्या. "अशी न्हाई इरत साडी. कमरंला खोचतो तितं आदी, मग गुडघ्याव. आणा हिकडं." नेसल्या आणि तशाच भात कापायला गेल्या!

गुरुवार, १४

दिवसभर बांधावर बसून होते. जीव टांगणीला. फुलाबाई गुडघे टेकून कापतात, पदर खोचतात, त्यालाच हात पुसतात. संध्याकाळी साडी हातात घेतली — तीच! जुनीच्या पदराला होतं तसं ठिगळसुद्धा त्यांनी लावून दिलं.

शुक्रवार, १५

वेल्हे. कॅमेरा लागलेला, नटी खोळंबलेली. साडीची पिशवी माझ्या मांडीवर. सोमनाथला म्हटलं, आधी नाव. सगळ्यांसमोर म्हटलं. तो लालबुंद.

"शेफाली, ऊन उतरतंय!"

उतरू दे. पिशवी सोडली नाही. शेवटी त्याने मोबाईल काढला आणि पडद्यावरच्या नावांची यादी करणाऱ्याला माझ्यादेखत निरोप पाठवला. 'वेशभूषा — शेफाली.' सौ. नाही, आभार नाहीत!

शॉट पहिल्याच फटक्यात ओके. गाडीत बसून रडले. इतकं बरं वाटलं!

शनिवार, १६

पेढे घेऊन उत्रोलीला गेले. नावाची गोष्ट सांगितली. फुलाबाई खूश झाल्या, पेढा खाल्ला. मग म्हणाल्या, "आन् ताई, माजं नाव कुठं टाकलंय?"

काहीतरी पुटपुटले आणि निघून आले. यादी अजून बदलता येईल. सोमनाथला एक फोन, बस्स. संध्याकाळ झाली. केलेला नाही.