हद्दीपलीकडचं डिझेल

४ नोव्हेंबर, मंगळवार

शे.च्या गाड्या आजही नाहीत. दिवाळीपासून त्याची एकही बस आपल्या पंपावर डिझेलला आलेली नाही. शेवटी शेखावतला फोन केला. म्हणाला, "सीज़न ठंडा है कदम साब, दो गाड़ियाँ तो यार्ड में खड़ी हैं।" नोव्हेंबरात जयपूरला सीझन थंड? पाहुण्यांनी गाव फुगलंय, हॉटेलात खोली मिळत नाही. पण माझ्यासोबत एकाच युनिटमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस कशाला खोटं बोलेल. असेल काही अडचण.

मंजू म्हणते, "साहब, चार बजे वाली तो रोज़ सामने से निकलती है। ड्राइवर हाथ भी हिलाता है।" तिला दटावलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल, सगळ्यांचे रंग सारखेच असतात. तिने मान डोलावली आणि फडका घेऊन मशीन पुसायला गेली. पंपावर सगळ्यात जुनी तीच. सोमवारी एक नंबरच्या मशीनवर पहिली गाडी माझी, हा नेम तिनेच लावला. रोख पैसे देतो, ती नोट कपाळाला लावते. काल लावली तेव्हा म्हणाली, "साहब, आपकी बोहनी से हफ़्ता चलता है।" हल्ली आठवडा काही चालत नाही, हे बोलली नाही.

७ नोव्हें., शुक्र.

एक कारवाला भांडून गेला. दिल्लीहून येत होता. पाचशेचं टाकलं आणि वर म्हणे, "हरियाणा में इतना सस्ता है, आप लोग लूट मचा रखे हो।" जसं काही मी सकाळी उठून रेट ठरवतो. कर राज्याचा, शिव्या माझ्या. दोन्हीकडच्या दरात फरक किती ते इथे लिहीत नाही, लिहिलं की बी.पी. वाढतं.

पंप आपला दिल्लीहून येणाऱ्या बाजूला, कूकसच्या पुढे. म्हणजे इथे पोचणारा प्रत्येक जण हद्दीपलीकडे पोट भरून आलेला. आमच्याकडे येतात ते हवा भरायला आणि लघवीला. दोन्ही फुकट.

साताऱ्याहून पार्सल आलं. इंद्रायणी तांदूळ, काकवी, आमसुलं, काळा मसाला. ही दुपारभर पिशव्या हुंगत बसली होती. नंतर तिच्या बहिणीशी फोनवर बाजारभावांची देवाणघेवाण. तिकडे मेथी एवढ्याला, इकडे तेवढ्याला. तिकडे नारळ, इकडे मुळा. शेवटी हिचं नेहमीचं वाक्य, "इथं स्वस्त ते आपण खात नाही, आणि आपण खातो ते स्वस्त नाही."

११ नोव्हें., मंगळ.

उद्या गुडगावला लेकीकडे, अश्विनीकडे. इराच्या शाळेत आजी-आजोबांचा कार्यक्रम आहे. हिच्या गुडघ्याने मान टाकलीय, मी एकटाच जातो. गाडी गॅरेजमध्ये, म्हणून बस. शे.च्याच बसचं तिकीट काढलं, कॉम्प्युटरवरून. त्याला मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं तर पैसे घेणार नाही, वर ड्रायव्हरला सांगून पुढची सीट रिकामी करायला लावेल. त्याचा धंदा मंदा असताना ते बरं दिसत नाही.

१२ नोव्हें., बुध. — गुडगाव

बस भरलेली होती. एक सीट रिकामी नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

ड्रायव्हर नवा, मला ओळखत नाही. कानटोपी घालून खिडकीशी बसलो. कोटपुतली गेलं, बहरोड गेलं, शाहजहाँपूर गेलं. हद्द ओलांडली आणि थोड्याच वेळात बस डावीकडे एका पंपात शिरली. "दस मिनट, चाय-पानी कर लो।" लोक उतरले. मी उतरलो नाही. खिडकीतून खाली बघत बसलो. पोऱ्याने विचारलंसुद्धा नाही किती टाकायचं. झाकण काढलं, नोझल लावलं, आणि ड्रायव्हर त्याच्याशी मुलाच्या लग्नाचं बोलत उभा राहिला. रोजची ओळख. मीटर फिरत होतं. मी तीस वर्षं गाड्यांत इंधन भरलेलं पाहतोय, फौजेत आणि बाहेर, पण आज कपाळ काचेला टेकवून एकेक लिटर मोजत बसलो. शेजारचा प्रवासी म्हणाला, "अंकल, तबीयत ठीक है?" म्हटलं, ठीक है.

मागे अजून एक बस येऊन थांबली. तीही शे.चीच. यार्डात उभी असलेली असावी.

हातच्या कांकणाला आरसा कशाला.

१३ नोव्हें.

कार्यक्रम झाला. इराने मराठीत स्वागत केलं, "आजोबा, मतलब तुम्ही बसने आले? आजी क्यों नाही आली?" टाळ्या वाजवल्या मी. डोक्यात बसच.

आठवतंय ते लिहून टाकतो. लेहला आमच्या तंबूतलं रॉकेल संपलं होतं आणि गाडी वर यायला रस्ता नव्हता. शे.च्या तंबूत अर्धा डबा होता. त्याने त्यातला अर्धा आणून दिला, आणि म्हणाला, आज रात को दोनों ठंडे सोएँगे, बराबर. असा माणूस. रिटायर झाल्यावर मी साताऱ्याला निघालो होतो, सामान बांधून. यानेच अडवलं. माजी सैनिकाच्या कोट्यातून पंप मिळतोय तर सोडतोस कशाला. उद्घाटनाला सगळ्यांसमोर म्हणाला, "मेरी गाड़ियाँ दूसरे पंप पर पानी भी नहीं पिएँगी।" त्या एका वाक्यावर मी इथे घर बांधलं.

न परवडणं मी समजू शकतो. मला हे खातं की तो यार्ड म्हणाला. सरळ सांगितलं असतं तर मी चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, झालं असतं. केसाने गळा कापला.

जावई निखिलरावांना सांगितलं, तर शांतपणे म्हणाले, "बाबा, धंदा आहे. मी असतो तर मीही तेच केलं असतं." मग ओशाळून चहाचं विचारायला उठले.

१६ नोव्हें., रवि. — जयपूर

हिला सांगितलं. सगळं, नोझल लावल्यापासून. ही मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

मी म्हटलं, "तुला काहीच वाटलं नाही?"

"शेखावत भाभीजी बोलल्या होत्या."

"केव्हा?"

"उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात! दिवाळीपर्यंत एखाददुसरी बस येत होती ती माझ्या समाधानासाठी. आणि हिला सगळं ठाऊक. दर महिन्याला मी हिच्यासमोर बसून विक्री का घटली त्याची कारणं शोधत होतो, पाऊस, परीक्षा, रस्त्याचं काम, आणि ही हं हं करत होती.

म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही त्यांच्या दारात जाऊन भांडला असता. इथं आपलं दुसरं आहे कोण?"

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. जेवलो नाही.

१७ नोव्हें., सोम.

पंपावर गेलो, भवानी केली. मंजूने नोट कपाळाला लावली. चार वाजता बस समोरून गेली. ड्रायव्हरने हात हलवला. मंजू माझ्याकडे बघत होती. तिची माफी मागायला हवी होती, मागितली नाही.

१९ नोव्हें., बुध.

शे. घरी आला. मी बोलावलं नव्हतं. हिने भाभीजींना फोन केला असणार.

त्याचं पहिलं वाक्य, "तू मेरी बस में था और टिकट के पैसे दिए?" दुखावला होता, खरोखर. मला हसू यायची वेळ.

मग बराच वेळ बोलला. मुलगा आता कारभार बघतो. समोरचा बसवाला पलीकडे भरून तिकीट स्वस्त विकतो. "यहाँ भरूँ तो सवारी उसकी, वहाँ भरूँ तो तू नाराज़। किसको पकड़ूँ, बता।" मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. तर मान खाली घालून म्हणाला, "क्या मुँह लेकर बताता? गाड़ियाँ पानी नहीं पिएँगी, मैंने ही बोला था।"

हिने भात वाढला. त्याने एक शीत बोटांत धरून बघितलं. मग म्हणाला, "ये चावल कहाँ का है?"

"गावाकडचा."

"जयपुर में चावल नहीं मिलता? तेरे ख़ातीपुरा का बनिया बेचारा रोज़ तुझे देखता होगा, सातारा की बोरी उतरते।"

म्हटलं, हा चवीचा प्रश्न आहे, पैशाचा नाही. "मेरा पैसे का है," तो म्हणाला, आणि सगळा भात संपवला. दहीही मागून घेतलं.

जाताना दारात उभा राहिला. मी हात पुढे केला नाही. त्याने वाट बघितली, मग जोडे घातले.

बोलण्यात तो जिंकला असेल. मला काही फरक पडला नाही. आतून अजून तसंच आहे.

२३ नोव्हें., रवि.

रात्रपाळी बंद केली. दोघांना सांगावं लागलं. एक जण ऐकून हसला, म्हणाला, "कोई ना साहब, भाई सीतापुरा की फ़ैक्टरी में लगवा देगा।" दुसरा सायकल घेऊन निघून गेला. मंजूने विचारलं, "दिन की तो रहेगी ना?" राहील म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो कोण जाणे. तिच्या दोन्ही मुलींची फी याच पंपावर निघते.

घरी आल्यावर हिला म्हटलं, असंच चाललं तर मार्चपर्यंत. ही म्हणाली, "मग परत देऊन टाका. साताऱ्याला जाऊ."

इतक्या सहज. जणू तयारच होती.

मी म्हटलं, "म्हणून तू गप्प बसलीस का?"

गुडघा चोळत होती. म्हणाली, "आधी त्यांच्याशी तुटेल या भीतीने. मग वाटलं, होऊ दे बंद." थोड्या वेळाने, "पाच वर्षं म्हणाला होतात. पाच वर्षं, मग घर. अकरा झाली. मी कधी तुम्हाला खोटारडं म्हटलं?"

आमची भांडणं पूर्वी मोठ्या आवाजात व्हायची, ती बरी होती.

२६ नोव्हें.

शे.चे दोन फोन. घेतले नाहीत.

डीलरशिप सोडायची तर काय करावं लागतं ते विचारून आलो. नुसतं विचारून.

३० नोव्हें., रवि. — गुडगाव

इराचा वाढदिवस. दोघं आलो, आपल्या गाडीने. येताना शाहजहाँपूरच्या पुढे तो पंप लागला. शे.ची बस उभी होती. मी मान वळवली नाही, हिने वळवली.

केक छान होता. उद्या पहाटेच निघायचं, कारण उद्या सोमवार. काटा अर्ध्याच्या खाली आहे. आरामात पोचू, हिशेब करूनच निघालो होतो.

१ डिसेंबर, सोम. — जयपूर

सकाळी आंघोळ करून आलो तर निखिलराव गाडी पुसून दारात उभे. "बाबा, टाकी फुल्ल करून आणली. म्हटलं, इकडे स्वस्त आहे तर." एवढं कौतुकाने सांगितलं की रागावताही येईना. चावी कुणी दिली विचारलं नाही. ही गाडीत जाऊन बसली होती, आधीच, पदर खोचून.

कोटपुतलीला मी एवढंच म्हटलं, "थेट घरी जाऊ. पंपावर थांबायला नको." ती म्हणाली, "तुमची मर्जी."

थांबायचं नव्हतंच. पण कूकसच्या अलीकडे लांबूनच दिसलं. दोन नंबरवर तीन गाड्यांची रांग लागलेली आणि एक नंबरचं मशीन रिकामं. समोर लाल शंकू ठेवलेला. साडेदहा वाजले होते. सकाळपासून मंजूने ते माझ्यासाठी अडवून धरलं होतं.

वळवली गाडी. दुसरं करणार काय.

मंजूने शंकू उचलला. हिला नमस्कार केला, "मैडमजी, बहुत दिन बाद।" झाकण उघडलं, नोझल लावलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पैसे काढून तिच्या हातात ठेवायला हवे होते, हवा बघ म्हणायला हवं होतं. खिशातून फक्त नोट काढली. ती रोजच्यासारखी म्हणाली, "साहब, ज़ीरो देख लो।"

पाहिलं मी शून्य.

नोझल नेहमीपेक्षा फारच लवकर खटकन बंद झालं. तिला वाटलं नीट बसलं नाही. काढून पुन्हा लावलं. पुन्हा खट. थोडं पेट्रोल बाहेर सांडलं, तिने फडक्याने पुसलं. वाकून आत बघितलं. मग सावकाश सरळ झाली, काचेवरची धूळ बघितली, आमच्या मागच्या सीटवरचे वाढदिवसाचे फुगे बघितले.

माझ्या हातात नोट तशीच होती. ही समोर बघत होती.

"कोई बात नहीं साहब," मंजू म्हणाली. "सब वहीं से भराते हैं।"

आणि झाकण लावून दिलं.

घरी आल्यापासून दोन वेळा शे.चा फोन वाजला. फोन टेबलावर आहे. ही भात लावते आहे, आत कुकरची शिट्टी होते आहे. आता पुन्हा वाजतो आहे.