पाठवणीची गाडी

३ नोव्हेंबर १९९१, बेला (जि. आदिलाबाद)
आज गाडी दारात उभी राहिली. म्हणजे ट्रॅक्टरनं ओढत आणून उभी केली. आदिलाबादेत एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीची हर्रास होती, तिथे बोली लावून घेतली. जुनी पेट्रोल पिकअप. पुढे दोघांची सीट, मागे उघडा हौदा. टायर चारही आहेत. हवा दोनांत आहे.
आमची ही, म्हणजे सुभद्रा, ओसरीवरून पाहून म्हणाली, "हे काय आणून राह्यले?"
मी शांतपणे सांगितलं, वैशाखात फुलाचं लग्न. पोरगी सासरी जाईल ती बापाच्या स्वतःच्या गाडीतून. ही आत गेली. आतून भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला. तो मी होकार धरला.
साखरपुड्यात इवाई, म्हणजे फुलाचे होणारे सासरे पांडुरंगराव, यांना मी बोलून बसलो होतो, "पाठवणीच्या गाडीची चिंता करू नका, आपली आहे." तेव्हा नव्हती. आता आहे. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो, जरा लवकर बोललो होतो.

५ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. गाडीलाही हळदकुंकू वाहिलं. बॉनेटवर स्वस्तिक काढताना बोट पत्र्याच्या आरपार गेलं. गंज. किरकोळ.

१० नोव्हेंबर, रविवार
हँडल मारून इंजिन चालू केलं. झालं! खोकलं, फुरफुरलं, जरा वेळ चाललं आणि गप्प. परत मारलं. परत तेच. माझं निदान : कार्बोरेटर.
मारोती आला होता. मारोती म्हणजे हिचा धाकटा भाऊ, बोथ गावी असतो. गाडी ओढून आणली तो ट्रॅक्टर त्याचाच. म्हणाला, "भाऊजी, एकडाव मेकॅनिकले दाखवा."
तहसिलीत, आता मंडल ऑफिस म्हणतात तिथे, वीस वर्षं काढली मी. निजामाच्या वेळच्या पहाण्यांतली, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यांतली, उर्दू लावून देतो, भल्याभल्यांना जमत नाही ते. त्या माणसाला एक कार्बोरेटर लागणार नाही?
संकल्प : रोज ऑफिसातून आल्यावर गाडी. रविवार पूर्ण गाडीचा. संक्रांतीला गाडी रस्त्यावर.

११ नोव्हेंबर
ऑफिसात उशीर झाला. उद्यापासून.

१२ नोव्हेंबर
कंबर धरली आहे. हँडलमुळे.

२४ नोव्हेंबर, रविवार
कार्बोरेटर खोललं. पेपर पसरून सगळे भाग ओळीनं मांडले, पेट्रोलनं धुतले, परत बसवले. एक स्प्रिंग उरली. कंपनीवाले जास्तीची देत असावेत.
दिवस लवकर मावळतो हल्ली, आणि लाइटचा भरवसा नाही. फुला बॅटरी धरून उभी होती. आदिलाबादच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. म्हणाली, "बाबा, एक सांगू? लग्न झाल्यावर मले लास्ट इयर करायचं आहे. तुमी त्यायच्याशी बोलसान का?"
मी म्हणालो, लाइट इकडे धर.
मग वाईट वाटलं म्हणून सांगितलं, बोलतो, नक्की बोलतो. कार्बोरेटर एवढं होऊ दे. आता इवायाकडे जायचं तर बसमध्ये उभं राहून जाण्यापेक्षा स्वतःची गाडी घेऊन गेलेलं बरं. शब्दाला वजन राहतं.

१५ डिसेंबर, रविवार
जुन्या कार्बोरेटरमध्ये जीव नाही हे आज कबूल केलं. यात माझी हार नाही, त्याचं वय झालं. आता नवं घ्यायचं. नवं म्हणजे अँबॅसडरचं, जुनं. आदिलाबादचा स्पेअर पार्टवाला म्हणाला, "साब, आँख बंद करके बिठाओ."
घरी येऊन बसवायला घेतलं. डोळे उघडे ठेवूनही बसलं नाही. इंजिनावरच्या बोल्टांची भोकं एकीकडे, ह्याची भोकं दुसरीकडे. फरक थोडाच आहे. मधे लोखंडी पट्टी टाकली की झालं. ती लेथवर करून घ्यावी लागेल.
फुला विचारत होती, कधी जाता बाजारहत्नूरला, इवायाच्या गावी? म्हटलं, पट्टी येऊ दे.

१५ जानेवारी १९९२
संक्रांत. गाडी रस्त्यावर नाही. पण रस्त्याकडे तोंड करून ठेवली आहे. पाच जणांनी ढकलली.
शेजारच्या प्रयागबाई तीळगूळ द्यायला आल्या आणि जाताना बॉनेटवर मिरच्या वाळत घालून गेल्या. वर मलाच सांगून गेल्या, "चालू करसान तवा आवाज द्या, मिरच्या उचलून घेतो." अजून आवाज द्यावा लागलेला नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. आमचे साहेब तेलुगू आहेत, विजयवाड्याकडचे. त्यांनी चहा घेताना विचारलं, बंडी एलावुंदी, म्हणजे गाडी कशी आहे? म्हटलं, बागुंदी सर. म्हणजे छान आहे. दोन शब्दांत काम भागतं, हे तेलुगूचं बरं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
लेथवाल्यानं पट्टी केली, पण उलटी. मी कागदावर काढून दिलं होतं तसंच केलं म्हणतो. कागद त्याच्याकडेच राहिला, तेव्हा वाद घालता आला नाही. दुसरी करायला टाकली.
तोवर हात रिकामे का ठेवा? रंग द्यायला घेतला. रंगाचं काम शेवटी करतात असं मारोती म्हणतो, पण त्यानं उत्साह येतो हे त्याला माहीत नाही. तोत्याच्या पंखासारखा हिरवा आणला.

१६ फेब्रुवारी, रविवार
रंग संपला. डावी बाजू झाली. उजवी बाजू तशीही भिंतीकडे असते.

१ मार्च, रविवार
फुला अलीकडे बॅटरी धरायला येत नाही. परीक्षेचा अभ्यास असेल. मी बॅटरी दातांत धरून काम करायला शिकलो आहे. कुणावर अवलंबून राहायचं नाही हा माझा पहिल्यापासूनचा स्वभाव. जबडा दुखतो.

१५ मार्च, रविवार
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.
दुसरी पट्टी बरोबर बसली. खाली घालायला गॅस्केट नव्हतं, दुकान बंद. घरात लग्नपत्रिकांचे गठ्ठे आलेले. चांगला जाड कागद. एक पत्रिका घेऊन कापली. "चि. सौ. कां. पंचफुला" एवढं बरोबर मधे आलं. शुभ शकुन म्हणायचा. हिनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.
गाडीला नवी बॅटरी घातली होतीच, मग सेल्फ मारला आणि गाडी अशी गर्जली की गल्ली गोळा झाली! मी लोकांकडे पाहून हात हलवला. गिअर टाकला. अॅक्सिलरेटर दाबला तर आवाज कमी झाला. पाय काढला तर गाडी सुसाट. अँबॅसडरच्या कार्बोरेटरची तार उलट्या बाजूनं ओढते, हे मला त्या क्षणी कळलं. प्रयागबाईंचं काटेरी कुंपण मोडून, त्यांच्या तुराट्यांच्या ढिगात जाऊन थांबलो. लागलं नाही. तुराट्या मऊ नसतात, पण खूप होत्या.
प्रयागबाई म्हणाल्या, "आवाज तं द्यायचा होता."
बॉनेटवर मिरच्या होत्याच. आता सगळ्या गल्लीत आहेत.
तरी पण. गाडी चालली. हे महत्त्वाचं.

१६ मार्च
रजा. मान वळत नाही.

४ एप्रिल
पाडवा. तार फिरवून लावली. आता पाय दाबला की पळते, काढला की थांबते. कधीकधी न काढताही थांबते. कार्बोरेटरची टोपणं, जेट, सगळं परत साफ केलं. साफ केल्यावर दोन दिवस बरी असते.
हातांचा काळेपणा आता साबणानं जात नाही. ऑफिसात फाईलवर बोटं उमटली. साहेबांनी फाईल उजेडात धरून बघितली.

१९ एप्रिल, रविवार
सकाळीच कार्बोरेटर घेऊन आदिलाबादला गेलो, ट्यूनिंगसाठी. दिवस तिथेच गेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.
परत आलो तर ओसरीवर चहाच्या कपबशा, घरात सगळे खुशीत. इवाई येऊन गेले होते! मांडवाचं, मानपानाचं बोलायला. माझी वाट पाहिली आणि शेवटच्या बसनं गेले.
हिनं सांगितलं ते असं. चहा देताना फुला खाली बसली आणि स्वतःच बोलली, "मामाजी, मले लास्ट इयर करायचं आहे. तुमची परवानगी असली तं." ही घाबरली. पांडुरंगरावांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "असं आहे का? मंग साखरपुड्यातच काऊन नाही सांगितलं माय? परीक्षेच्या वक्ताले माहेरी येऊन राहजो, इथून कॉलेज जवळ आहे." झालं. एवढंच.
मी फुलाला म्हणालो, अगं मी बोलणारच होतो. ती म्हणाली, "माहीत आहे बाबा." आणि हसली. छान हसली. तरी जेवण गेलं नाही.
तसं पाहिलं तर कामाची वाटणी झाली. बोलण्याचं काम तिनं केलं, गाडीचं मी करतो आहे.

१ मे
रजा टाकली आहे. लग्नासाठी. म्हणजे गाडीसाठी. हौद्याच्या फळ्या बदलल्या, सीटवर नवं रेक्झिन ठोकलं. उजवी बाजू रंगवायला तोच हिरवा मिळाला नाही, जवळपासचा मिळाला. दोन्ही बाजू एकदम दिसत नाहीत, त्यामुळे चालतं.
ही म्हणत होती, मांडवाच्या बल्ल्या आणायच्या आहेत, आचाऱ्याकडे जायचं आहे. सगळं मारोती करतो आहे. चांगला माणूस आहे. यंत्रातलं कळत नाही एवढंच.

६ मे
फुला आज गाडीजवळ येऊन उभी राहिली. हातांना मेंदी. म्हणाली, "बाबा, आज आमच्या संग जेवा ना. चार दिवस तं राह्यले."
म्हटलं, हा एक नट बसवतो आणि आलोच.
नट खाली पडला. सापडेपर्यंत सगळ्यांची जेवणं झाली होती. माझं ताट झाकून ठेवलं होतं. वरण थंड.

९ मे
आज नाक्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही बंद पडली नाही! इतक्या महिन्यांची मेहनत. गाडी मांडवासमोर लावली. आंब्याच्या डहाळ्या, झेंडूच्या माळा. उद्या पांडुरंगराव बघतील. अंग मोडून आलं आहे, पण झोप लागेल असं वाटत नाही.

१० मे
लग्न लागलं. कन्यादान नीट झालं. पंगती उठल्या. उन्हं कलली तेव्हा पाठवणी निघाली. ओटी भरून झाली, बाया रडायला लागल्या. मी गाडीत बसून सेल्फ मारला.
चालू झाली आणि बंद पडली. परत मारला. बंद.
पांडुरंगराव म्हणाले, "राहू द्या इवाईबुवा, आमचा टेम्पो आहे. पोरं बसतील त्यात." मी म्हणालो, दोनच मिनिटं. नव्या धोतरासकट गाडीखाली शिरलो. पेट्रोलच्या नळीचा नट खोलायचा होता. मारोती खाली वाकून म्हणाला, "भाऊजी, निघू द्या त्यायले. रस्ता खराब आहे, अंधार पडन." म्हटलं, पाचच मिनिटं रे, आता कळलंय मला. आणि खरंच कळलं होतं. नळी काढली तर आतून गंजाचा लाल गाळ आला. टाकीत फॅक्टरीच्या काळचा कचरा. तोच वर जाऊन बसत होता. दोष कार्बोरेटरचा नव्हताच. जुनंही चाललं असतं.
नळी फुंकून साफ केली. बाहेर माणसांचे आवाज, रडणं, टेम्पोचा हॉर्न. कुणीतरी माझ्या पायांना हात लावला. मला वाटलं मारोती घाई करतो आहे. पाय झटकला आणि हात बाहेर काढून म्हणालो, दहा-अकराचा पाना दे. पाना हातात आला. नट आवळला.
बाहेर येऊन सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चालू. आवाज इतका एकसारखा की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता. मी वर पाहिलं. मांडवात पत्रावळी गोळा करणाऱ्या प्रयागबाई तेवढ्या होत्या.
सुभद्रा ओसरीच्या पायरीवर बसली होती, पदर तोंडाला. मी विचारलं, गेले? थांबले नाहीत?
ती म्हणाली, "लय थांबले."
मग पदर खाली करून म्हणाली, "पोरगी पाया पडली तुमच्या. तिनं तुमाले पाना बी देल्ला."
बांगड्यांचा आवाज आला होता. आता आठवतं.
इंजिन बंद केलं नाही. पेट्रोल संपेपर्यंत चालू होतं.

१२ मे
मारोतीनं विचारलं, भाऊजी, आता गाडीचं काय करता? म्हटलं, बघू.
आज फुलाकडे जाऊन यावं म्हणतो. हिनं लाडू बांधून दिले आणि दाराकडे पाहत विचारलं, "गाडी काढता?"
म्हटलं, नाही. बसनं जातो.