सरांच्या मापाची सायकल

३ जुलै २०२५, लातूर. सकाळी
लग्नानंतर नांदेडला असताना आम्ही सायकलवरून भाजी आणायला जायचो. मी पुढे दांडीवर. दांडी टोचते म्हणून एकदा कुरकुरले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दांडीला टॉवेल गुंडाळलेला.
निश्चय: दिवाळीच्या आत हे पुन्हा सायकल चालवतील. पॅरालिसिसला चार महिने झाले, उजवा पाय जरा जड आहे, एवढंच. जाड टायरची माउंटन बाइक घ्यायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर करून घ्यायच्या तसं टाइमटेबल केलं. पहिला आठवडा अंगण. दुसरा कॉलनी. तिसरा रेणापूर नाका.

५ जुलै
सायकलवाला बालाजी ह्यांचा जुना विद्यार्थी. म्हणाला, काकू, फ्रेम साइज चुकली की कंबर, गुडघे सगळं दुखतंय. सरांना आणा, दांडीच्या दोन्हीकडं पाय टाकून उभं करू. मधी दोन इंच जागा पाहिजे.
सरांना वेळ नाही, मी म्हणाले. पंचाक्षरी टेलरच्या वहीत माप आहेच, रिटायरमेंटच्या सफारीचं. आतली शिवण बत्तीस. एकोणीस इंची फ्रेम ठरली.

९ जुलै
सायकल आली. दांडीला तोच जुना टॉवेल गुंडाळला. ह्यांना सांभाळायला येतो त्या केरबाने धरलं, पण पाय दांडीवरून गेला नाही. फ्रेम मोठी. चूक पंचाक्षरीची.

१४ जुलै
स्वतः माप घेतलं. भिंतीला उभं करून पायांमध्ये ह्यांचा नकाशांचा जाड ॲटलास धरायचा, यूट्यूबवर तसंच दाखवतात. ॲटलास तीनदा पडला. चौथ्यांदा हे हसले, एका बाजूने. केरबा म्हणाला, बाई, सर एका पायावर उभं राहून राहिलेत, कोन्च्या पायाचं माप घेता?
तीस लिहिलं. सतरा इंची.

२१ जुलै
सतरा इंचीही मोठीच. गीतांजलीचा नांदेडहून फोन. आई, पुरे कर आता, म्हणाली. मुलीला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२ ऑगस्ट
बालाजी पंधरा इंची घेऊन आला. काकू, ह्याच्या खाली लेकरांचीच येते, म्हणाला. केरबाने ह्यांचा पाय हाताने उचलून पलीकडे ठेवला. मधे चांगली चार इंच जागा. कम्फर्ट उत्तम.
मिनिटभर उभे होते. मग खालीच बसले. पँट ओली झाली. बालाजी रस्त्याकडे बघत घंटी वाजवत राहिला. सीट थोडी खाली घे, मी त्याला म्हणाले.

३ ऑगस्ट
ह्यांनी मला वही घेऊन बसायला सांगितलं. शब्द अजून एकेक सुटा येतो. अर्धा तास लागला.
सायकल शिवांगीला. नात नववीत आहे, तिला बरोबर बसेल.
ॲटलासही तिलाच.
सफारी केरबाला. पंचाक्षरी उसवून बेतून देईल.
सायकलीबरोबर आलेला हवेचा पंप बालाजीला परत.
जमणार नाही हे तुम्हाला कधी कळलं, मी विचारलं. पहिल्या दिवशी, म्हणाले. मग रोज उभे का राहत होता? तर म्हणाले, तू माप घेत होतीस.
टॉवेलचं काही सांगितलं नाही. मी तो दांडीवरून सोडून धुतला.
टॉवेल मला.