खटक्यातलं ग्रीस

भातसानगर, रविवार, ५ डिसेंबर २००४

बायकोला, सुनीताला, काय काय बोललो मी! आणि कशावरून, तर सायकलच्या गिअरच्या खटक्यावरून. ती अंगणवाडीत शिकवते. पाड्यापर्यंतचा चढ रोज त्याच सायकलने चढते. सोमवारी घरी येऊन म्हणाली, "खटका दाबला तरी गिअर पडत नाय. चढावर उतरून ढकलायला लागते."

"रेटून रेटून मोडलास तू तो," मी अंगणातच ओरडलो. शेजारी ऐकत उभे होते. धरणावरचा फिटर ना मी, न उघडताच मला सगळं कळतं!

"मी नाय ओ मोडला," एवढंच म्हणाली. मंगळवारपासून चालत जाते.

आज खटका उघडला. काहीही मोडलेलं नव्हतं. आतला बारीक दात ग्रीसमध्ये चिकटून बसला होता. घट्ट पिवळं ग्रीस, वाळून डिंकासारखं झालेलं. पावसाळ्याआधी मीच भरलं होतं, बोटाने, भरपूर. तिथे तेलाचे दोन थेंब पुरतात, हे मला कळू नये?

रॉकेलने धुतलं, शिवणयंत्राचं तेल सोडलं. लगेच गिअर पडायला लागले.

गप्प बसावं, असंही मनात आलं. लिहितानाही लाज वाटते. शेवटी तिला म्हणालो, "तू नाही मोडलास. माझंच ग्रीस होतं."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हे आता शेजारी जाऊन सांगा."

त्यांच्या दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला आणि परत आलो.