खडूचे नंबर

११ सप्टेंबर
रात्री गाडीखाली पुन्हा पेपर पसरला होता. माझं सदर वर येईल असा. सकाळी त्यावर काळं ऑइल, कडेपर्यंत. माझं लिखाण इतकं मनापासून कुणीच शोषून घेतलेलं नाही.
रशीदभाई येऊन गेले. अनिलचे जुने दोस्त, आमच्या कॉन्टेसाचे डॉक्टर. बॉनेट उघडून कान दिला. "भाभी, मागचा ऑइल सील गेलाय. आन् खालून ठोकतंय ना, ते मेन बेरिंग. क्रँक ज्याच्यावर फिरतो तेच खलास."
म्हटलं, मग मोडीत घालू या. ते अनिलकडे बघायला लागले.
अनिल ओट्यावर. होळीनंतर झटका आला तेव्हापासून उजवा हात दुबळा, आणि शब्द गेलेले. समजतं सगळं. तोंडापर्यंत येतं, तिथं अडतं. उरलेत दोनच : "हं" आणि "नको".
आज म्हणाला, "नको."
बरं. मोडीत नको.

१६ सप्टेंबर
इंजिन उतरवलं. गॅरेजमध्ये नाही, आमच्याच शेडमध्ये. रशीदभाईंचा हट्ट. "अनिलभायनी बघायला पायजे. हात लावायला पायजे." स्वतःचं गॅरेज भावावर टाकून रोज येणार म्हणे. का, तर तुमच्याकडचा चहा चांगला. माझा चहा चांगला नाही, हे सात रस्ता चौकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.
इंजिन उलटं करून क्रँकवरच्या पाच लोखंडी कॅप काढल्या. रशीदभाईंनी प्रत्येकीवर खडूनं नंबर घातला. अनिलनं डाव्या हातानं पाचाचा आकडा पुन्हा गिरवला. मी चहा करायला गेले. नंबर कशासाठी, हे विचारायचं

(दूध उतू गेलं, तेव्हा उठले. वाक्य राहू दे.)

२३ सप्टेंबर
लेथवरून क्रँक आला. आरशासारखा. नवी बेरिंगं पुण्याहून आली, अर्ध्या बांगड्यांसारखी. जुन्यांची चकाकी उडून तांबं उघडं पडलंय. आमच्या वयाला शोभेल असं.
वाचा शिकवायला येणाऱ्या मॅडमनी आज मलाच धडा दिला. "त्यांचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. वाट बघा." लग्नापासून ह्याची वाक्यं मीच पूर्ण करत आले आणि बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा बरी केली. पण ठीक.
दुपारी म्हणाला, "सा... सा..." मी म्हटलं, "साखर?" त्यानं तोंड मिटलं. साखर नव्हती. काय होतं, ते आता कळायचं नाही.
संध्याकाळी वळसंगहून आक्कांचा फोन. धाकट्या भावाशी बोलायचंय. फोन त्याच्या कानाला लावला. तिकडून आक्का बोलत होत्या, इकडे हा मान हलवत होता. फोनवर मान दिसत नाही. दोघांना कोण सांगणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळपासून घासणं. विळी, शिलाई मशीन, माझं पेन (ह्याला धार लावायची गरज नाही, अनिल आधी म्हणायचा). मग शेड. पाने, हातोडी. पोत्यावर त्या पाच कॅप काळ्याकुट्ट. म्हटलं, सणाचं ह्यांनी तरी असं का बसावं? डिझेलनं धुतल्या, साबणानं घासल्या, पुसून तेलाचा हात फिरवला. पाटावर ओळीनं मांडून हळदकुंकू, झेंडू. प्रसन्न दिसत होत्या.
रशीदभाई पेढे घेऊन आले. दरवर्षी येतात, आजच्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. पाटासमोर उभे राहिले.
"भाभी. नंबर?"
"कसले नंबर?"
आणि मागून :
"कुणी धुतलं गं हे?"
अनिल. अख्खं वाक्य. त्या 'गं'सकट. आमटीत मीठ जास्त झालं की लागायचा तोच सूर.
म्हटलं, "मी."
"हं," म्हणाला.
रशीदभाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन तसेच उभे. मी आत गेले आणि उगाच नळ सोडला.

३ ऑक्टोबर
मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, रागाच्या भरात असं वाक्य आपोआप निसटतं. आनंद माना, भरवसा ठेवू नका. शोधून, ठरवून म्हटलेला शब्द आला की कळवा.
तेव्हापासून एक शब्द नाही. आणखी काय धुवावं, याचा विचार करतेय.
कॅपचं प्रकरण आज समजलं. प्रत्येक कॅप आपल्याच जागी परत गेली पाहिजे, नाहीतर क्रँक आवळतो. मूळचे आकडे आधीच्या कुण्या शहाण्यानं घासून घालवलेले. रशीदभाई म्हणतात, "पंचनं ठोकून आकडा मारायचा सोडून खडू मारला. चूक माजी." मी म्हटलं, माझी. ते म्हणे, नाय, माजी. बऱ्याच वर्षांत कुणी माझ्याशी या दिशेनं भांडलेलं नाही.

५ ऑक्टोबर
कॅप बसवल्या. पहिली, मधली, शेवटची आकारावरून ओळखू येतात. दुसरी आणि चौथी मात्र जुळ्या. अंदाजानं लावून आवळल्या. अनिलनं डाव्या हातानं क्रँक फिरवून पाहिला. अडला.
"नवा हाय, थोडा टाइट लागणारच की," रशीदभाई.
"नको," अनिल.
खोलून दोघींची अदलाबदल. पुन्हा आवळल्या. फिरला! एका हातानं. "हौ रे मेरे शेर!" म्हणून रशीदभाईंनी त्याच्या पाठीवर काळा पंजा उमटवला. शर्ट पांढरा होता. धुणार नाही.
अनिलनं माझा हात धरून क्रँकवर ठेवला. एवढं जड, आणि एवढं मऊ फिरतं.
नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावायचं काम रशीदभाईंनी मुद्दाम त्याच्या उजव्या हाताला दिलं. बराच वेळ लागला. सगळा ओठ पुरा केला. मी एकही सूचना केली नाही. माझ्यासाठी हा विक्रम.

११ ऑक्टोबर
इंजिन परत गाडीत. चाकाखाली लिंबू. किल्ली फिरवली. ऑइलचा लाल दिवा लागला, आणि विझला. ठोका नाही. अनिलनं बॉनेटवर तळहात ठेवला, उजवा, आणि किती तरी वेळ काढला नाही.
रशीदभाईंना म्हटलं, तुमचे उपकार कसे... "भाभी, एक करा. तुमच्या सदरात माजं नाव टाकू नका." कबूल केलं. इथं लिहिलंय, इथलं कुणी वाचत नाही.

१२ ऑक्टोबर
सकाळी पेपर पाहिला. कोरडा. कोपऱ्यात एक ठिपका. रशीदभाई फोनवर : "पुसताना राहिलेलं आसंल. नसंल बी. चालवा, बघू की."
हे गाडीत बसून लिहितेय. इंजिन चालू. अनिल शेजारी. मी सहज विचारलं, "कुठं जायचं?"
"व..." म्हणाला.
शब्द मला माहीत आहे. जिभेच्या टोकावर बसलाय. इथंही लिहिणार नाही, त्याचा आहे. तिथं मान हलवली तर दिसेल, एवढंच. तोंड बंद राहावं म्हणून पर्समधून वही काढली.
तो समोरच्या काचेकडे बघतोय. रागावलेला नाही. शोधतोय.
"व... वळ..."
शेजारचे फाटकाशी आले, काहीतरी विचारणार होते. मी हातानंच थांबवलं.
पुन्हा "व..."
पेट्रोल भरपूर आहे.