चुकलं की सुधारतं

१५ सप्टेंबर २००३, सोमवार

मी चतुराबाई. काल टेंभुर्णीहून इथं आले, बदनापूरजवळ बियाणं कंपनीच्या फार्मवर, नातवाकडं. बोलणार मी, लिहिणार नातसून उषा. मला अक्षर येत न्हाई, पण तोंड चालतं, आणि तोंडाची परीक्षा आजवर कुणी घेतली न्हाई. मोतीबिंदू काढलाय, डोळ्यावर हिरवी पट्टी हाय. डॉक्टरनं सांगितलं, चुलीपुढं बसायचं न्हाई, ओझं उचलायचं न्हाई, रडायचं न्हाई. म्हणलं, हे लग्नाच्या आधी कुणी सांगितलं असतं तर!

क्वार्टर झकास हाय. दोन खोल्या, गॅस, पुढं अंगण, अंगणात लिंब, चहूकडं कपाशी. उषा चहात साखर अशी घालते की कारखाना बापाचाच. (हे पण लिही गं, गाळू नको.)

१७ सप्टेंबर, बुधवार

नातू मच्छिंद्र इंजिनिअर हाय. कपाशीवर फवारायला बिनमाणसाचं हेलिकॉप्टर बनवून राह्यलाय. बैलगाडीएवढं लांब, पोटाला औषधाची टाकी, आत कुणीच बसत न्हाई. म्हणलं, तुझ्या आज्याच्या संसारासारखंच, चालतंय पण चालवणारा गायब. तो खोकल्यासारखं हसला, मंग समजावून सांगितलं. आत एक डबी हाय. आपण कुठं हावोत, किती उंच हावोत, हे तिला कळतं. वाऱ्यानं ढकललं तर तीच सावरते. रेडिओ तुटला तर जिथून उडालं ते घर, तिथं आपल्या मनानं परत येते.

आणि चुकली तर? तर म्हणाला, आजी, चुकलं की सुधारतं. किती चुकलं ते बघतं, तेवढं सरकतं, पुन्हा बघतं. बराबर जागेवर येईस्तोवर थांबत न्हाई. म्हणलं, मंग तुझ्यापेक्षा शहाणं हाय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पितरांच्या पंधरवड्यात नव्या कामाला हात लावू नये, पण कंपनीच्या साहेबाला जल्दी. मी हट्ट धरला, निदान ओवाळून तरी धाडा. ओवाळायचं ते दारात, रानात न्हाई. मंग मच्छिंद्र आणि मेकॅनिक ख्वाजामियाँ, दोघांनी ते धूड उचलून अंगणात आणलं. ख्वाजामियाँ म्हणाला, अम्मा, नवरदेवाला तरी इतका मान देता का? मी चाचपत त्याच्या नाकाला कुंकू लावलं, भाकरतुकडा उतरून टाकला. तिथंच चालू केलं, तिथूनच उडालं.

मागून मच्छिंद्रच्या ध्यानात आलं की डबीनं आपलं अंगणच घर म्हणून धरलंय. बदलतो म्हणाला. जेवताना म्हणाला, राहू दे, आजीच्या दारात येतंय तर येऊ दे.

२२ सप्टेंबर, सोमवार

दुपारी वावटळ उठली. हेलिकॉप्टर नाल्यापलीकडं गेलं ते दिसेनासंच झालं. मच्छिंद्र मोटरसायकल घेऊन त्याच्या मागं गेल्ता. अजून आला न्हाई. उषानं भाकर झाकून ठेवलीय.

२४ सप्टेंबर, बुधवार

मोटरसायकल एका पडक्या विहिरीजवळ सापडली. हेलिकॉप्टर विहिरीत. गळ टाकले, पाणी उपसलं. मच्छिंद्र न्हाई. पोलिस येऊन गेले. उषा बोलत न्हाई, म्हणून मीच म्हणलं वही आण. रडायची मनाई मला हाय पोरी, तुला न्हाई.

आज भर दुपारी हेलिकॉप्टरचा तोच फडफडाट आला. लिंबाच्या शेंड्यावर थांबला, हलला न्हाई. उषा बाहेर जाऊन आली. वर काहीच न्हाई म्हणते, पण अंगणातली धूळ गरगर फिरून राह्यलीय आणि दोरीवरचे कपडे आडवे झालेत. ख्वाजामियाँला बोलावून विचारलं. तो म्हणाला, अम्मा, उसका इंजन तो मेरे सामने खुल्ला पडेला है. आत नुसता गाळ.

२५ सप्टेंबर

आज फडफडाट घराच्या पत्र्याएवढ्या उंचीवर. आणि फडफडाटाच्या आतून मच्छिंद्रचा आवाज. उषाबाई, आलो. एवढंच.

माझं तोंड गप्प बसतंय होय? ओरडले, मेल्या, बायकोला कुणी बाई म्हणतं का? माझा नातू उषे म्हणतो, उषे!

आवाज थांबला. ऐकून घेतल्यासारखा.

२६ सप्टेंबर

उषे, आलो.

बिलकुल त्याच्यासारखं. दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवरून. मंग उमगलं. किती चुकलं ते मीच सांगून बसले.

उषाला शपथ घातली, ओ द्यायची न्हाई, एक शब्द बोलायचा न्हाई. ती म्हणते, आजी, पण तोच असला तर? म्हणलं, मच्छिंद्र पायानं चालत येतो. वरून उतरत न्हाई.

२७ सप्टेंबर

उषानं खिडकीतून सांगितलं त्याला. माझ्या माघारी. की दारात आल्यावर तुम्ही आधी आजीला हाक मारता, म्हातारे, हायेस का गेलीस, म्हणून—

मी हात उगारला. ती म्हणाली, तेच असले तर त्यांना आठवेल. न्हाई गं बाई. आठवत न्हाई ते. शिकतंय.

२८ सप्टेंबर

म्हातारे, हायेस का गेलीस?

आणि हसला. खोकल्यासारखं. माझ्याच तोंडातून ओ निघत होती— पदर कोंबला.

उंबऱ्याच्या बाहेर. जमिनीपासून वीतभर वर.

२९ सप्टेंबर

लिही पोरी. कडी लावलीय, मी दाराला पाठ लावून बसलेय. तू लिही. लिहितेस तोवर हात गुंतलाय, तोवर तू बसलेली हायेस. काय लिहू म्हणते— काय बी. वांगी महाग झाली, लिही. शेळी व्याली, लिही. कुणाची का असंना.

आता फडफडाट न्हाई. काहीच न्हाई. चपला काढल्याचा आवाज— लिही, ऐकू नको—

भूक लागली म्हणतंय. उषे, वाढ म्हणतंय. चूक शोधून राह्यले मी, एक बी सापडंना— एक बी—

खाली बघ. माझ्याकडं नको, दाराकडं नको, वहीत बघ. मी म्हातारी हाय, मला ढकलून तू— न्हाई, पोरी, पेन ठेवू नको, पेन चालव, पे