डाव्या हाताला जमेल असा कीबोर्ड

चाचा, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी नवा कीबोर्ड घेतला. कोणता घ्यावा याचा घोळ चार महिने चालला होता, आणि त्या चार महिन्यांत तुमची इतकी आठवण आली की शेवटी लिहायलाच बसले. आता मी मेहकरला शाळेत शिकवते आणि सुटीच्या दिवशी आमच्या सहा जणांच्या ऑर्केस्ट्रात वाजवते. लग्न, निरोप समारंभ, गणपती, जे येईल ते. आमच्यात बासरीवाला नाही, सनईवाला नाही, व्हायोलिन नाही. ते सगळं माझ्याच कीबोर्डातून निघतं. खालच्या भरदार सुरांचा बेसही मीच धरायचे, डाव्या हातानं.

मागच्या पावसाळ्यानंतर जानेफळच्या रस्त्यावर गिट्टीवरून माझी स्कूटी घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, हाड जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण उघडेना. खडू धरायला, भाकरी थापायला त्यानं काही अडत नाही. बेस वाजवायला अडतं. मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, होईल नीट, एवढंच म्हणत राहिले. कार्यक्रमात जिथे बोट पोचायचं नाही तिथला सूर सोडून द्यायचे आणि उजव्या हातानं काहीतरी भरगच्च वाजवून झाकायचे. शेहेचाळिसाव्या वर्षी हातातून कीबोर्ड गेला तर रविवारी मी करणार काय, हा विचार आला की जेवण जायचं नाही.

तेवढ्यात जुन्या कीबोर्डच्या मधल्या तीन पट्ट्या मुक्या झाल्या. आमचे दादा, म्हणजे जे गातात आणि ऑर्केस्ट्राही चालवतात, त्यांनी अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीचा थाट पाहिला होता. खाली अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा जड पियानो, वर दुसरा कीबोर्ड, बाजूला लॅपटॉप. "आपलंही तसंच पाहिजे ताई," ते म्हणाले. "स्टेजवर उभं राह्यलं की लोकायनं पाह्यत राह्यलं पाहिजे." मी मान हलवली. घरी मोबाईलवर त्या जड पट्ट्यांची माहिती वाचत बसायचे. नुसत्या कल्पनेनंच ती दोन बोटं दुखायची.

खामगावच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दादा, आमचा गिटारवाला आणि मी. दुकानदारानं मोठा पियानो सुरू करून दिला. उजव्या हातानं मी मस्त वाजवलं. "दोन्ही हातानं वाजवा ना," दादा म्हणाले. मी डावा हात ठेवला. पट्टी खाली गेलीच नाही, चाचा. दुसऱ्यांदा दाबली तर शेजारची वाजली. मी म्हटलं, स्टूल खाली आहे. दुकानदारानं बिचाऱ्यानं दुसरं स्टूल आणून दिलं. त्यावर बसले आणि मला रडूच आलं.

बाहेर चहाच्या टपरीवर मी सगळं सांगून टाकलं. दादांनी कप खाली ठेवला. "आठ महिने झाले ताई. सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही दुसरं कोणी पाहाल म्हणून."

"पाह्यलं होतं," ते म्हणाले. "खोटं काऊन बोलू? बेस गळून राह्यला हे मले दिवाळीपासून ऐकू येऊन राह्यलं. चिखलीचा एकजण बोलावला होता, दोन दिवस वाजवून पाह्यलं त्याच्यासंगं. बोटं मशीनसारखी. पण मी कुठं थांबतो, कुठं दम घेतो, हे त्याले समजतच नाही. तुम्ही तर मी तोंड उघडायच्या आधी थांबता."

मला राग यायला हवा होता. माझ्या पाठीमागे माणूस आजमावून पाहिला होता. पण मला इतकं हलकं वाटलं की मी दुसरा चहा मागवला. मी जे जिवापाड लपवत होते ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी मी तिथेच होते. गिटारवाला म्हणाला, "बेस मी पाह्यतो. घरी बेस गिटार पडेलच हाय. तशीही माही साधी गिटार कोन ऐकते?"

आता तुमचं सांगते. जळगाव जामोदला, स्टँडच्या मागच्या तुमच्या पेटी दुरुस्तीच्या दुकानात, मी पेटीसमोर बसलेली आहे. तुम्ही कानशीनं पेटीतली पितळेची सुराची पट्टी घासताय, मान खाली, आणि मी उजव्या हाताच्या बोटांचा तोरा दाखवत सुसाट वाजवतेय. तुम्ही मान वर न करता म्हणता, "सायकलचा पंप हाय का तो?" मी थांबते. तुम्ही उठून माझा डावा हात भात्यावरून उचलता आणि परत हलकेच ठेवता. "उजवा हात गाणं सांगते बेटा. पण दम याचा हाय. याले घाई करू नको." मग त्या दिवशी तुम्ही मला एकच सूर वाजवायला लावलात, दुपार संपेपर्यंत. चहा आला तरी सोडलं नाहीत.

आणि दुसरा दिवस. मी कॉलेजात, हातात पहिला छोटा कीबोर्ड, सोबत दोन मैत्रिणी. तुम्ही चष्मा पुसून एक पट्टी दाबली, खूप वेळ दाबून धरली. मग मला विचारलंत, "याले हवा कुठून भेटते?" मैत्रिणी हसल्या. मीही हसले. तुम्ही आमच्यासाठी चहा सांगितलात. त्यानंतर मी दुकानात आले नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही आले नाही. परीक्षा आहे असं घरी सांगितलं. परीक्षा संपली होती. तुमचा प्रश्न साधा आणि खरा होता, हे समजायला मला मनगट मोडून घ्यावं लागलं.

चहा पिऊन आम्ही परत दुकानात गेलो आणि मी एकसष्ट पट्ट्यांचा, हलक्या पट्ट्यांचा एकच कीबोर्ड निवडला. लॅपटॉप नाही, दुसरा मजला नाही. एकटीला उचलता येतो. प्रत्येक गाण्याचे आवाज आधीच लावून ठेवले की एका बटणावर बदलतात. डाव्या हाताशी एक छोटं चाक आहे. अंगठ्यानं सरकवलं की सूर हळूच वर चढतो, खाली उतरतो. त्याला करंगळी लागत नाही. मी पंधरा दिवस फक्त ते चाक शिकले. पहिले काही दिवस मी तेही पंपासारखंच हाणत होते.

पहिला कार्यक्रम सुलतानपूरला, एका शिक्षकांच्या निवृत्तीचा, भर दुपारी मंडपात. सुरुवातीला सनई होती. मी उजव्या हातानं एकेकच सूर घेतला आणि डाव्यानं तो वळवत नेला. पुढच्या खुर्चीवरचे एक आजोबा सनईवाला कुठे बसलाय ते मान उंच करून शोधत होते. शेवटी त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, तरी त्यांना पटेना. बेस गिटारवाला दोनदा चुकला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच्या चुका ऐकताना मला इतका आनंद झाला, कारण त्या माझ्या नव्हत्या. जेवणात मी तीन वाट्या वरण घेतलं. दादा म्हणाले, "ताई, आज भूक लागली वाटते."

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे आणि तुमचा मुलगा कुठे असतो ते मी कधी विचारलंच नाही. वहीतच राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. कार्यक्रमात माझी ओळख करून देताना दादा दर वेळी सांगतात की ताई जळगाव जामोदच्या चाचांकडे सात वर्षं शिकल्या. हे त्यांना मीच सांगितलंय. मी तुमच्याकडे दीड वर्ष आले, तेही रविवारी, आणि त्यातले निम्मे रविवार बुडवले. सुलतानपूरलाही त्यांनी माईकवर सात वर्षंच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खाली वाकून नमस्कार केला.